जुना कॅमेरा घेताना फोटॉन मोजा

आमच्या लेकीचं बारसं दोन वर्षांपूर्वी जानेवारीत झालं. बाहेर बर्फ, आत आमच्या अपार्टमेंटच्या कम्युनिटी रूममधले पिवळट दिवे. आई-बाबांना अमेरिकेचा व्हिसा वेळेत मिळाला नाही, म्हणून ते पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होते. "फोटो मात्र नीट काढ गं," असं आईने दहा वेळा बजावलं होतं. त्यासाठी महिनाभर आधी मी एक सेकंडहँड कॅमेरा घेतला होता. २४ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ मिमीची झूम लेन्स. जाहिरातीत 'उत्तम स्थितीत' असं लिहिलं होतं आणि ते खरंही होतं.

रात्री लॅपटॉपवर फोटो उघडले. बाळाच्या चेहऱ्यावर कोणी वाळू भुरभुरवल्यासारखे ठिपके. खणाच्या कुंचीचा काठ ओळखू येईना. निम्म्या फोटोंत पाळणा आणि आत्याचा हात दोन्ही हललेले. माझ्या दिराने फोनवर काढलेले फोटो यापेक्षा चांगले होते. "वहिनी, कॅमेरा परत करून टाक," म्हणाला.

लाज वाटायचं कारण वेगळंच होतं. माझं काम सूक्ष्मदर्शकाखाली मंद चमकणाऱ्या पेशींची छायाचित्रं घेण्याचं आहे. दिवसभर मी फोटॉन मोजते. आणि घरचा कॅमेरा घेताना मात्र मेगापिक्सेल बघितले! त्यानंतर मी हिशेब नीट मांडला. तो इथे सविस्तर देते आहे, कारण चारशे-पाचशे डॉलरमध्ये कॅमेरा घ्यायचा असेल तर तो सगळ्यांच्या उपयोगी पडेल. हिशेबाचं सार आधीच सांगते: फोटोसाठी कॅमेऱ्याचं वय फारसं आड येत नाही, लेन्स आड येते. व्हिडिओसाठी मात्र वय बघावंच लागतं.

पाऊस, वाटी आणि परात

प्रकाश सुट्या कणांनी येतो, ही कल्पना आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडली. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधली. प्रकाशाने मोकळे केलेले इलेक्ट्रॉन साठवून ते मोजण्याची ही युक्ती होती, आणि तिच्यासाठी दोघांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आज बहुतेक कॅमेऱ्यांत सीमॉस प्रकारचे सेन्सर असतात, पण मूळ काम तेच: आलेले फोटॉन इलेक्ट्रॉनमध्ये बदलायचे आणि मोजायचे.

हे मोजणं पावसासारखं आहे. अंगणात एकसारख्या दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि रिमझिम चालू असताना अर्ध्या मिनिटाने थेंब मोजले, तर आकडे सारखे येणार नाहीत. एकीत ९३, दुसरीत १०८. यात वाटीचा दोष नाही. थेंब स्वतंत्रपणे, आपल्या मर्जीने पडतात, त्यामुळे सरासरी १०० थेंब असतील तर चढउतार साधारण १०० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १० असतो. सरासरी १०,००० असेल तर चढउतार १०० चा. पहिल्या वाटीत चूक १० टक्के, दुसरीत फक्त १ टक्का.

फोटोतली 'वाळू' म्हणजे नेमका हाच चढउतार. शेजारच्या दोन पिक्सेलवर एकाच गालाचा प्रकाश येतो, पण मोजलेले फोटॉन वेगळे, म्हणून एक ठिपका उजळ आणि एक काळपट. कॅमेरा कितीही महाग असला तरी हा चढउतार जात नाही, कारण तो प्रकाशातच आहे. त्यावर उपाय एकच, जास्त फोटॉन गोळा करणे. आणि वर्गमुळामुळे हा उपाय महाग पडतो: फोटो दुप्पट स्वच्छ हवा असेल तर प्रकाश चौपट लागतो.

आयएसओ वाढवून प्रकाश वाढत नाही. वाटीतलं पाणी तेवढंच राहतं, फक्त मोजपट्टीवरचे आकडे मोठे होतात. जास्त फोटॉन मिळवायचे तीनच मार्ग आहेत: जास्त वेळ थांबणं (पण बाळ हलतं), वाटीऐवजी परात ठेवणं (मोठा सेन्सर), किंवा पाऊसच दाट करणं (मोठ्या तोंडाची लेन्स).

माझी चूक, आकड्यांत

लेन्सचं तोंड किती मोठं, हे एफ-आकडा सांगतो. एफ/१.८ म्हणजे लेन्सच्या नाभीय अंतराला १.८ ने भागल्यावर येतो तेवढा तोंडाचा व्यास. ५० मिमीची एफ/१.८ लेन्स असेल तर सुमारे २८ मिमी. त्याच ५० मिमीवर एफ/५.६ असेल तर जेमतेम ९ मिमी. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं, म्हणून पहिली लेन्स दुसरीपेक्षा सुमारे ९.७ पट, म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते.

आता सेन्सरची क्षेत्रफळं बघू:

- फुल फ्रेम: ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी
- एपीएस-सी: २३.५ × १५.६ मिमी, सुमारे ३६७ चौरस मिमी (कॅननचा थोडा लहान, सुमारे ३३०)
- मायक्रो फोर थर्ड्स: १७.३ × १३ मिमी, सुमारे २२५ चौरस मिमी
- महागड्या फोनचा मुख्य कॅमेरा: सुमारे ७० चौरस मिमी

सेन्सरचं क्षेत्रफळ घ्या आणि त्याला एफ-आकड्याच्या वर्गाने भागा. येणारा आकडा म्हणजे त्या जोडीचे 'प्रकाशगुण' म्हणू. चौकटीत तेच दृश्य तेवढंच आणि शटरचा वेग तोच असेल, तर कोणती जोडी किती फोटॉन गोळा करेल याची तुलना या गुणांनी होते.

- फोन, एफ/१.८: २२
- एपीएस-सी, झूम लेन्स १८ मिमीवर, एफ/३.५: ३०
- एपीएस-सी, तीच झूम ५५ मिमीवर, एफ/५.६: १२
- एपीएस-सी, साधी ५० मिमी एफ/१.८: ११३
- मायक्रो फोर थर्ड्स, एफ/१.७: ७८
- फुल फ्रेम, एफ/४ झूम: ५४
- फुल फ्रेम, एफ/१.८: २६७

बारशाच्या दिवशी मी गर्दीच्या मागे उभी राहून लेन्स ५५ मिमीपर्यंत ओढली होती. गुण १२. दीर फोन घेऊन थेट पाळण्याशी गेला. गुण २२, शिवाय फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतो. (फोनवर डिजिटल झूम केली असती तर सेन्सरचा मधलाच तुकडा वापरला गेला असता आणि त्याचेही गुण घटले असते.) म्हणजे सेन्सर पाचपट मोठा असूनही मी हरणारच होते.

या यादीत आणखी एक गोष्ट दडली आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/४ ची महाग झूम लावण्यापेक्षा स्वस्त एपीएस-सी कॅमेऱ्यावर साधी ५० मिमी एफ/१.८ लावली, तर दुपटीहून जास्त प्रकाश मिळतो. कॅननची अशी लेन्स २०१५ मध्ये १२५ डॉलरला बाजारात आली होती. वापरलेली त्याहून कमीत मिळते. निकॉनच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी ३५ मिमी एफ/१.८ आहे, ती छोट्या खोलीत जास्त सोयीची.

किंमत अर्थातच मोजावी लागते. एफ/१.८ वर फोकसचा पट्टा अरुंद होतो. ५० मिमी लेन्स आणि एपीएस-सी सेन्सर घेऊन दोन मीटरवरून फोटो काढला, तर साधारण दहा-बारा सेंटिमीटर खोलीच स्पष्ट दिसते. एका चेहऱ्याला पुरते, पण तीन ओळींत उभ्या असलेल्या नातेवाइकांना नाही. तिथे एफ/५.६ ठेवून एक जुना फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवून मारणं बरं.

नव्या सेन्सरने किती फरक पडतो?

"पण जुना सेन्सर म्हणजे जुनं तंत्रज्ञान ना?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. २०१० च्या सुमाराच्या चांगल्या सेन्सरवर हिरव्या प्रकाशाचे दोन फोटॉन पडले, तर साधारण एक मोजला जात असे. म्हणजे सुधारणेला जागा होती ती जास्तीत जास्त दुपटीची. उद्या कोणी एकही फोटॉन न गमावणारा परिपूर्ण सेन्सर बनवला, तरी फोटो २ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.४ पट स्वच्छ होईल. उलट, एफ/५.६ वरून एफ/१.८ वर गेलं की प्रकाश जवळजवळ दहापट, आणि फोटो तिपटीहून जास्त स्वच्छ. पैसे कुठे घालावेत, याचं उत्तर इथेच आहे.

खरी सुधारणा दुसरीकडे झाली. इलेक्ट्रॉन मोजणारं इलेक्ट्रॉनिक्स स्वतःचीही थोडी खरखर मिसळतं. समजा एका पिक्सेलमध्ये १०० इलेक्ट्रॉन आहेत आणि ही खरखर ३ इलेक्ट्रॉनची आहे. एकूण चढउतार १०.४, म्हणजे फरक जाणवतही नाही. पण खरखर २५ ची असेल तर एकूण २७, म्हणजे पावणेतीनपट घाण. जुन्या कॅमेऱ्यांत कमी आयएसओवर असं होतं. २००८ च्या कॅनन ५डी मार्क २ मध्ये आयएसओ १०० वर काढलेल्या फोटोतली सावली संगणकावर उजळली, की आडवे-उभे पट्टे दिसू लागतात. आयएसओ वाढवला की सिग्नल आधीच मोठा होतो आणि नंतर मिसळणाऱ्या खरखरीचा वाटा कमी होतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत हाच कॅमेरा छान वागतो. निकॉनने २०१० मध्ये डी७००० आणला, तेव्हापासून त्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ही खरखर बरीच कमी आहे. डोंगरावरचा सूर्यास्त काढून नंतर दरी उजळायची सवय असेल, तर हा फरक लक्षात ठेवा. घरातले फोटो काढत असाल, तर विसरून जा.

मेगापिक्सेलचं तर लवकर उरकते. १२ × ८ इंचांचा फोटो ३०० ठिपके प्रतिइंच या दराने छापायला ८.६ मेगापिक्सेल लागतात. ४के टीव्हीच्या पडद्यावर मुळात ८.३ मेगापिक्सेलच असतात. २००५ च्या पहिल्या कॅनन ५डी मध्ये १२.८ होते. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

व्हिडिओ: इथे मात्र वय बघा

व्हिडिओ रेकॉर्ड करणारा पहिला डीएसएलआर म्हणजे २००८ चा निकॉन डी९०. त्याच वर्षी कॅनन ५डी मार्क २ फुल एचडी व्हिडिओ घेऊन आला. पण त्या पिढीची अडचण फोटॉनची नव्हती, वाचनाच्या वेगाची होती. २१ मेगापिक्सेलचा सेन्सर सेकंदाला ३० वेळा वाचायचा म्हणजे सेकंदाला ६३ कोटी पिक्सेल. ते तेव्हा जमत नव्हतं, म्हणून कॅमेरा ओळी गाळायचा. एक वाचायची, दोन सोडायच्या. सोडलेल्या ओळींवरचा प्रकाश वाया जातो, आणि बारीक नक्षी ओळींच्या जाळीत अडकून भलतेच रंगीत लाटांसारखे पट्टे उमटतात. याला म्वारे म्हणतात. खणाचं परकर-पोलकं किंवा बारीक चौकडीचा शर्ट घातलेला माणूस समोर असला की हे हमखास दिसतं.

दुसरी गोष्ट, सेन्सर एका झटक्यात वाचला जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. समजा पूर्ण वाचनाला १/३० सेकंद लागतो आणि ढोल वाजवणाऱ्याच्या टिपरूचं टोक सेकंदाला ६ मीटर वेगाने चाललं आहे. वरची ओळ वाचून खालची वाचेपर्यंत ते २० सेंटिमीटर सरकलेलं असतं, आणि व्हिडिओत सरळ टिपरू रबरासारखं वाकलेलं दिसतं. सगळ्या ओळी वाचणाऱ्या कॅमेऱ्यातही हा दोष असू शकतो. २०१६ चा सोनी ए६३०० सेन्सर बारकाईने वाचून सुंदर ४के चित्र देतो, पण वाचन हळू असल्याने कॅमेरा जोरात फिरवला की इमारती कलतात. ढोल-ताशा पथकाचा व्हिडिओ काढायचा असेल तर घेण्याआधी हे स्वतः करून बघा.

तिसरी गोष्ट फोकस. जुने डीएसएलआर व्हिडिओ काढताना फोकस मागेपुढे करून अंदाज घेत बसतात, आणि तेवढ्यात केक कापून होतो. २०१३ च्या कॅनन ७०डी ने यात मोठी उडी घेतली. त्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागलेला आहे. डाव्या आणि उजव्या भागाला दिसणाऱ्या चित्रांतल्या फरकावरून लेन्स कोणत्या दिशेला, किती फिरवायची हे थेट कळतं. आपले दोन डोळे अंतर ओळखतात, तसंच काहीसं. फक्त घरगुती व्हिडिओसाठी कमी पैशांत काय घेऊ, असं विचाराल तर मी याचंच नाव घेते. ४के नाही, पण फुल एचडी आहे, आणि रांगत्या मुलावरचा फोकस सुटत नाही.

इथले ६०, तिथले ५०

परदेशात राहणाऱ्यांना एक जास्तीची गोष्ट बघावी लागते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, भारतात, युरोपात आणि आखातातल्या बहुतेक देशांत ५० ची. बऱ्याच ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी याच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात: अमेरिकेत सेकंदाला १२०, भारतात १०० वेळा. डोळ्याला कळत नाही, पण कॅमेऱ्याला कळतं आणि व्हिडिओवर पट्टे सरकू लागतात. म्हणून भारतात शटर १/५० किंवा १/१००, आणि इथे १/६० किंवा १/१२५ ठेवा. मेन्यूत पाल आणि एनटीएससी दोन्ही आहेत का, ते बघा. पुण्यातलं लग्न काढताना पाल निवडा. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे जपानी बाजारासाठीचे काही सोनी कॅमेरे फक्त जपानी मेन्यू दाखवतात, हेही विचारून घ्या.

हातात आल्यावर दहा मिनिटांची तपासणी

१. शटर किती वेळा उडालंय ते विचारा. कंपनीने ७०डी साठी १ लाख आणि निकॉन डी७५० साठी दीड लाख हा आकडा दिलेला आहे. त्यापुढे लगेच बंद पडतं असं नाही, पण किंमत कमी करून मागायला हरकत नाही.

२. लेन्सवर टोपण लावून ३० सेकंदांचा फोटो काढा. त्याआधी मेन्यूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर कॅमेरा दोष पुसून टाकेल. थोडे चमकते ठिपके चालतात, रेषा किंवा उजळ कोपरे चालत नाहीत.

३. एफ/१६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. लहान तोंडातून प्रकाश सरळ रेषेत येतो, त्यामुळे सेन्सरवरच्या धुळीची सावली ठळक पडते. एफ/१.८ वर तीच धूळ दिसत नाही, म्हणून विकणारा बहुधा तसाच फोटो दाखवतो.

४. लेन्सच्या मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. ती काचेवरचा लेप खाते, तेव्हा लेन्स सोडून द्या. ही बुरशी दमट हवेत वाढते, म्हणून कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यासाठी कॅमेरा पाठवणार असाल तर सिलिका जेल घातलेला हवाबंद डबाही सोबत पाठवा.

५. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं आहे ना, ते बघा. बहुतेकांवर असतं, मग भारतात फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो.

पैसे वाटायचा माझा नियम सोपा आहे. फोटोच हवे असतील तर निम्मे पैसे लेन्सला ठेवा आणि उरलेल्यात मिळेल तो २०१० नंतरचा धड चालणारा कॅमेरा घ्या. हात सैल सोडता येत असेल तर २०१२ चा कॅनन ६डी किंवा २०१४ चा निकॉन डी७५० हे फुल फ्रेम कॅमेरे आजही उत्तम आहेत. व्हिडिओ महत्त्वाचा असेल तर आधी कॅमेऱ्याचं साल, मग लेन्स.

मी तेव्हा काय केलं? कॅमेरा परत केला नाही. त्यालाच एक वापरलेली ५० मिमी एफ/१.८ घेतली. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला तीच खोली, तेच पिवळट दिवे, आणि फोटोत तिच्या पापण्या मोजता येत होत्या. खोलीच्या भिंतीला पाठ टेकून उभं राहावं लागलं, तेवढं चालतं.

बारशाचे फोटो मात्र परत काढता येत नाहीत. त्यासाठी शेवटची एक युक्ती. ६ × ४ इंचांच्या छापील फोटोला ३०० च्या दराने २.२ मेगापिक्सेल पुरतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो तेवढा लहान केला की सुमारे ११ पिक्सेलची सरासरी होऊन एक ठिपका बनतो, आणि चढउतार ११ च्या वर्गमुळाने, म्हणजे तिपटीहून थोडा जास्त कमी होतो. पडद्यावर मोठा करून बघितला तर वाळू, हातात धरला तर बाळ. न हललेल्यांतले वीस निवडून छापले आणि पुण्याला पाठवले. आईने त्यातला एक देवघराशेजारी लावला आहे. "तोच जरा मोठा करून पाठव ना," असं ती अधूनमधून म्हणते, आणि मी विषय बदलते.